तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आजवरच्या पत्रांतले माझे साष्टांग नमस्कार नुसते शाईचे होते. खरोखर घातला असता तर उठवायला दोन माणसं लागली असती. हा मात्र आज सकाळी चटईवर खरा घातला, कुणाचाही हात न धरता उठलो आणि मगच कागद पुढे ओढला. खोटं वाटत असेल तर तुझ्या भावजयीला विचार.) तुझी तब्येत कशी आहे? नवा गुडघा रुळला का? भाऊजींचा खोकला, भाऊजींचा रेडिओ आणि भाऊजींचं त्या रेडिओशी भांडण, सगळं पूर्वीसारखंच सुरू असेल अशी आशा आहे. पत्र जरा लांबणार आहे. पण तू चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचणारी बाई आहेस, आधी शेवट बघून मोकळी होणारी नाहीस, म्हणून भरवशाने लिहितो आहे. सवडीने वाच. घाई अजिबात करू नकोस.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पत्र बघून हुरळून जायला नको. माझा राग अजून गेलेला नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या सख्ख्या बहिणीने तिसऱ्या मजल्याच्या जिन्याशी हातांची लाकडी खुर्ची आणून ठेवावी, वर उशी घालावी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगावं की ही आमच्या धाकट्यासाठी आहे हो, बिचाऱ्याला दम लागतो! आठ दिवसांत सगळी इमारत तिला 'मामाची खुर्ची' म्हणायला लागली. अगं, मी तेव्हा जेमतेम छप्पन्न वर्षांचा होतो. शिवाय तीस वर्षं लिफ्टच्या कंपनीत काढलेला माणूस. मी लोकांना वर चढवायचं आणि बहिणीने मला मध्येच खाली बसवायचं? मी तसाच पायऱ्या उतरलो आणि पुन्हा या जिन्यावर पाय ठेवणार नाही असं खालून ओरडून सांगितलं. त्याला आता दोन वर्षं झाली, पाय ठेवलेला नाही. (भाऊजी म्हणे म्हणाले, त्यात काय एवढं, मीही बसतो त्या खुर्चीवर. बसत असतील. भाऊजी कुठेही बसतात.) मध्यंतरी तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्यात येऊन गेलो, पण तू गुंगीत होतीस, त्यामुळे ती भेट धरायची नाही. आठ महिने झाले, तू घराबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस असं फोनवरून कळतं. म्हणजे तू उतरत नाहीस आणि मी चढत नाही. असंच चाललं तर आपण दोघं एकमेकांना थेट फोटोत बघणार, हे मलाही समजतं. पण राग तो राग. तेव्हा हे पत्र फक्त प्रकृतीचं वर्तमान कळवण्यासाठी आहे असं समज.

तर प्रकृती. आठ महिन्यांपूर्वी तुझ्या भावजयीने मला अक्षरशः फरफटत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई आपल्या भाचीच्या वयाच्या, पण दरारा आपल्या शाळेतल्या मोठ्या बाईंचा. त्यांनी छातीला वायरी लावल्या, यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर पळवलं (पळवलं म्हणजे पट्टा पळाला, मी वर होतो), कागदावरच्या रेघा बघितल्या आणि म्हणाल्या, हृदय चांगलं आहे पण आळशी आहे. ताई, माझ्या प्रत्येक अवयवाला आईने कधी ना कधी आळशी म्हटलेलं आहे, एक हृदय तेवढं सुटलं होतं. बसल्याजागी मिनिटाला ब्याण्णव ठोके पडत होते. मी म्हटलं, इतकं काम करतंय बिचारं, त्याला आळशी कसं म्हणता? तर मला पटावं म्हणून त्यांनी माझ्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. म्हणे, दुबळी मोटर तेवढंच ओझं ओढायला जास्त वेळा फिरते आणि तापते. हृदयाला रोज थोडं जास्त ओढायला लावलं की ते दणकट होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, मग बसल्याजागी त्याला इतके ठोके मारावेच लागत नाहीत. रक्ताच्या नळ्या मऊ राहतात, दाब उतरतो, साखर ताब्यात येते, झोप लागते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की वापरून वापरून झिजलेल्या मोटरी मी तीस वर्षांत शेकड्यांनी पाहिल्या, वापरून बळकट झालेली एकही नाही, तेव्हा याची लेखी हमी मिळेल का? त्यावर त्यांनी खरंच कागद ओढला आणि लिहून दिलं. हमी नव्हती. रोज भरभर चालणे, आठवड्यातून पाच दिवस, दहा मिनिटांपासून सुरुवात करून चाळीस मिनिटांपर्यंत. आणि जिना, पण तीन महिन्यांनंतर, एकेक मजला वाढवत, छातीत जरा जरी वेगळं वाटलं तर तिथेच थांबून.

किती भरभर चालायचं याचं मोजमाप त्यांनी असं दिलं की चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं. पण मला कुठल्याही परिस्थितीत बोलता येतं, अगदी भूल दिली तरी येईल, असं तुझ्या भावजयीचं म्हणणं. त्यामुळे बोलण्याची कसोटी बाद झाली आणि उरली गाण्याची. मी शिस्तीचा माणूस. घरामागच्या मैदानाला फेऱ्या घालायचो आणि प्रत्येक फेरीला एका ठरलेल्या झाडापाशी गाऊन बघायचो. गाणं आलं तर वेग वाढवायचा, नाही आलं तर ठीक. चौथ्या दिवशी गाणं थोडं आलं, थोडं नाही. माझा गाण्याचा आवाज तुला लहानपणापासून माहीत आहे. (शेजारच्यांनी तेव्हा आपली म्हैस व्याली का म्हणून विचारलं होतं. आपल्याकडे म्हैस नव्हती.) मैदानाचा रखवालदार धावत आला, त्याने मला बाकावर आडवं केलं, शर्टाची बटणं सोडली, तोंडावर पाणी मारलं आणि घरचा नंबर विचारायला लागला. मी गात होतो हे मी त्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो घरून धावत आलेल्या तुझ्या भावजयीकडे वळून हळूच म्हणाला, यांना भ्रम झालाय, लवकर न्या. तेव्हापासून मी मनातल्या मनात गातो. रखवालदार अजून मी झाडाजवळ आलो की उठून उभा राहतो.

बरं, तीन महिने सरले आणि जिन्याची परवानगी मिळाली. खरी गंमत इथून पुढे आहे. आमचं ऑफिस पाचव्या मजल्यावर. इमारतीतली लिफ्ट आमच्याच कंपनीने बसवलेली. मी तक्रार विभागाचा प्रमुख, म्हणजे गावातली कुठलीही आमची लिफ्ट अडकली की पहिली शिवी माझ्या कानात पडते. तर मी एका सोमवारी लिफ्टच्या उघड्या दाराला वळसा घालून जिना धरला. पहिल्या दिवशी एक मजला, मग दोन, असं करत शुक्रवारपर्यंत तीन. आता माझ्या डोक्यात एवढी साधी गोष्ट आली नाही की दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलाने आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने काय पाहिलं? लिफ्ट कंपनीचा तक्रार विभागाचा प्रमुख, घामाघूम, आपल्याच लिफ्टला टाळून जिन्याने चालला आहे! आचारीच घरून डबा आणायला लागला तर खानावळीत जेवणार कोण? पुढच्या आठवड्यात सगळी इमारत जिन्यावर. वकिलाची अशिलं बाकावर बसून धापा टाकत जबान्या द्यायला लागली. दातांच्या डॉक्टरकडे माणसं इतकी धडधडत पोचायची की तो दाढ उपटायला हातच लावेना.

मग सगळ्यांनी रीतसर तक्रारी केल्या. कुणाकडे? माझ्याकडे. फोन यायचा, तुमच्या लिफ्टमध्ये नक्की काय बिघाड आहे ते खरं सांगा. मी म्हणायचो, काही बिघाड नाही. पलीकडचा म्हणायचा, मग तुमचा तो जाडा साहेब जिन्याने का जातो? (जाडा! आवाज ओळखत नाहीत म्हणून माणसांनी किती मोकळं बोलावं!) नियमाप्रमाणे मी तक्रार लिहून घेतली, मेकॅनिक पाठवला, त्याने दोर, मोटर, दरवाजे तपासून लिहिलं, दोष आढळला नाही. दुसरी तक्रार, पुन्हा मेकॅनिक, पुन्हा दोष नाही. आमच्याकडे एकाच लिफ्टची तिसरी तक्रार आली की ती दोन दिवस बंद ठेवून संपूर्ण तपासणी करायची, हा नियम दहा वर्षांपूर्वी मीच केलेला. तो माझ्या अंगाशी आला. चांगली लिफ्ट, माझ्यामुळे, माझ्याच सहीने बंद. मेकॅनिक जुना आणि इरसाल. त्याने अहवालात शेवटची ओळ लिहिली, 'बिघाडाचे मूळ तक्रार विभागात आहे.'

त्या अहवालावर मला झापायला मोठे साहेब खास तळमजल्यावरच्या आपल्या केबिनमधून निघाले. पण लिफ्ट बंद. पाच मजले चढून साहेब माझ्या टेबलाशी आले, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. पाच मिनिटं ते नुसतं बोट माझ्याकडे, मग जिन्याकडे, मग स्वतःच्या छातीकडे करत होते. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपुलकीने म्हटलं, साहेब, चालताना बोलता आलं पाहिजे. त्यानंतर लेखी आदेश निघाला की कंपनीच्या माणसांनी कंपनीच्या लिफ्टच्या इमारतीत जिना वापरू नये. नोकरीपुढे इलाज नाही. मी मधल्या सुट्टीत समोरच्या इमारतीत जायला लागलो. सहा मजले, थंडगार जिना, आणि लिफ्ट दुसऱ्या कंपनीची. पंधरा दिवस शांतपणे चढलो. सोळाव्या दिवशी तिथल्या कमिटीची माणसं आमच्या ऑफिसात हजर, लिफ्ट बदलायची आहे, आमच्या लिफ्टवर लिफ्टवाल्यांचाच विश्वास नाही असं दिसतं! साहेबांनी मला आत बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, तब्येत सांभाळा, त्या रस्त्यावर अजून चार इमारती आहेत. तेव्हापासून माझा व्यायाम कामाच्या वेळेत धरला जातो.

आता फायदे सांगतो. बसल्याजागी ठोके ब्याण्णववरून बहात्तरवर आले. रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरीणबाईंनी अर्धी केली. कमरेच्या पट्ट्याला आतल्या बाजूला दोन नवी भोकं पाडावी लागली. झोप अशी लागते की तुझी भावजय म्हणते, पूर्वी घोरण्याने जाग यायची, आता घोरणं थांबलं की काळजीने येते. चिडचिड कमी झाली असंही तिचं मत आहे. (मी ते खोडून काढायला गेलो, तर आवाजच चढला नाही.) आणि हे सगळं मी कुणाच्या टोमण्यामुळे, कुणाच्या खुर्चीमुळे केलेलं नाही, हे पुन्हा एकदा सांगतो. तू स्वतःची काळजी घे. डॉक्टरांनी तुलाही चालायला सांगितलं आहे आणि तू हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन त्याला चालणं म्हणतेस, हेही मला कळलेलं आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आणखी काय! भाऊजींना नमस्कार, रेडिओला आशीर्वाद.

रागावलेला पण ठणठणीत,
तुझा धाकटा

ता. क. पाकिटावर तिकीट नाही म्हणून पोस्टमनला बोल लावू नकोस. पत्र टाकायला निघालो तर पोस्ट बंद झालेलं. तुझी इमारत वाटेवरच पडते. (पोस्टापासून पाऊण तास चालल्यावर, पण वाटेवरच.) म्हटलं, खालच्या पेटीत टाकावं. पेटी तपासली, तिच्यात पाणी शिरेलसं वाटलं. त्यामुळे ही ओळ दुसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहितो आहे. आणि इथे उभा आहे तर एक खरं सांगून टाकतो. पुन्हा या जिन्यावर पाय ठेवला नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. तीनदा ठेवला. तिन्ही वेळा इथपर्यंत आलो, याच खिडकीला धरून उभा राहिलो, डोळ्यांपुढे काजवे बघितले आणि परत फिरलो. राग पहिल्या आठवड्यातच संपला होता, ताई. पण राग संपला म्हटलं असतं तर तू ये म्हणाली असतीस. आणि मग चव्वेचाळीस पायऱ्यांच्या वर मला चढता येईनासं झालंय, हे सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा रागावलेला बरा. रागावलेल्या माणसाला कुणी बिचारा म्हणत नाही.

ता. क. दुसरा. तिसरा मजला. खुर्ची अजून आहे. मला वाटलं होतं तू केव्हाच हलवली असशील. उशीचा अभ्रा नवा आहे आणि हातावर बोट फिरवून पाहिलं तर धूळ नाही. आठ महिने कोण पुसतं ही? तू तर खाली उतरत नाहीस. म्हणजे भाऊजींना पाठवतेस. (भाऊजींबद्दल वर जे काही लिहिलंय ते मागे घेतो. रेडिओचं सोडून.) दवाखान्यातून तुला आणलं त्या दिवशी याच खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. मी समोरच्या दुकानाच्या आडोशाला उभा होतो. भाऊजी, वयाने माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, त्यांनी खुर्चीचा एक पाय धरला होता. मी सख्खा भाऊ, जन्मभर लोकांना वर चढवणारा, आणि माझ्या बहिणीच्या खुर्चीला हात लावायची माझ्यात ताकद नव्हती. फार लाज वाटली, ताई. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो. तुझ्या भावजयीने फरफटत वगैरे काही नेलं नाही. एकटाच गेलो, आणि व्याधी काय म्हणून विचारलं तेव्हा म्हटलं, अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. मी खुर्चीवर बसलेलो नाही, हे नमूद करतो. (बसलो. पण दमलो म्हणून नाही.)

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तुझ्या दारातल्या वरच्या पायरीवर बसून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं. आत रेडिओ आणि भाऊजी, दोघांचे आवाज येताहेत. मुख्य काम राहिलंच. उद्यापासून रोज संध्याकाळी मी येणार आहे. तू माझा हात धरायचास आणि आपण एक मजला उतरायचं. फक्त बावीस पायऱ्या, सावकाश. खाली पोचलं की खुर्ची आहेच. आता ती 'मावशीची खुर्ची', इमारतीला मी कळवून टाकतो. तू बसायचंस, दम खायचास, मग पुन्हा वर. तुझ्या डॉक्टरांना फोन करून विचारलं आहे, ते म्हणाले, चार महिन्यांपूर्वीच सुरू करायला हवं होतं. नाही म्हणू नकोस. तुला चार दिवस दम लागेल, मी कुणाला सांगणार नाही. बेल वाजवत नाही, पत्र दाराखालून सरकवतो. तू आधी चष्मा शोधशील, मग ओळीखाली बोट धरून पहिल्यापासून वाचशील, या ओळीपर्यंत यायला तुला पंधरा मिनिटं तरी लागतील. माझा श्वास जागेवर यायला बारा पुरतात, घरी मोजून पाहिलंय. पत्र उगाच नाही एवढं लांब लिहिलं. आता दार उघड.